घरच्या संगणकासाठी सॉफ्टवेअर निवडताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरी नवा संगणक आला की "यात काय काय टाकून देऊ?" असे दुकानदार विचारतो आणि बहुतेक जण "सगळंच टाका" असे उत्तर देतात. पुढच्या अनेक अडचणींचे मूळ याच उत्तरात असते. संगणकावर ठेवलेला प्रत्येक प्रोग्राम जागा व स्मृती वापरतो, त्याला अपडेट लागतात आणि त्यातील त्रुटी ही आपल्या माहितीकडे जाणारी वाट ठरू शकते. म्हणून मोजकीच सॉफ्टवेअर ठेवावीत आणि जे ठेवले आहे ते कोणी बनवले, कुठून आले, कशासाठी आहे हे ठाऊक असावे, या भूमिकेतून पुढील उत्तरे लिहिली आहेत. ती मुख्यतः विंडोज वापरणाऱ्यांसाठी आहेत, कारण आपल्याकडील बहुसंख्य घरगुती संगणकांवर विंडोजच असते.

नवीन संगणक सुरू केल्यावर सर्वांत आधी काय इन्स्टॉल करावे?

पहिल्या दिवशी काहीच नाही. आधी सेटिंग्जमधील विंडोज अपडेट उघडून सर्व अपडेट पूर्ण होऊ द्यावेत, कारण नवा लॅपटॉप कारखान्यातून बाहेर पडून आपल्या हाती येईपर्यंत कित्येक महिने लोटलेले असू शकतात. त्यानंतर एका कागदावर घरातील कामांची यादी करावी: मुलांचा अभ्यास, पत्रव्यवहार, सोसायटीचे हिशेब, बँकेचे व्यवहार, फोटो, गाणी. या यादीतील बरीचशी कामे ब्राउझरमध्येच होतात, हे लगेच लक्षात येईल. राहिलेल्या कामांपुरतेच सॉफ्टवेअर शोधावे.

आपला लॅपटॉप विंडोजच्या एस मोडमध्ये असेल, तर त्यावर केवळ मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधील ॲप चालतात. या मोडमधून विनामूल्य बाहेर पडता येते, मात्र एकदा बाहेर पडल्यावर परत जाता येत नाही.

लॅपटॉपमध्ये आधीपासूनच भरलेले प्रोग्राम काढून टाकावेत का?

खेळ, खरेदीचे ॲप आणि मुदतीपुरते मोफत दिलेले अँटिव्हायरस निःशंकपणे काढावेत. त्यासाठी सेटिंग्जमधील ॲप्सच्या यादीत जाऊन अनइन्स्टॉल निवडायचे असते. डेस्कटॉपवरचे चित्र पुसल्याने प्रोग्राम जात नाही. संगणक बनवणाऱ्या कंपनीचे अपडेट देणारे साधन मात्र राहू द्यावे, कारण बायोस (संगणक सुरू करणारे मूळ सॉफ्टवेअर) व ड्रायव्हर (संगणकाचे निरनिराळे भाग चालवणारे प्रोग्राम) त्यातून मिळतात.

भारतात विकल्या जाणाऱ्या अनेक लॅपटॉपसोबत मायक्रोसॉफ्ट ऑफिसची कायमस्वरूपी आवृत्ती येते आणि तिची किंमत लॅपटॉपच्या किमतीत धरलेली असते. ती आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याशी सुरुवातीलाच जोडून घ्यावी लागते. हे ठाऊक नसल्यामुळे पैसे मोजलेले ऑफिस वापराविना राहते आणि कोणीतरी त्यावर क्रॅक केलेली, म्हणजे परवान्याचे कुलूप तोडलेली, प्रत बसवून देतो. बिलावर किंवा खोक्यावर ऑफिसचा उल्लेख आहे का, हे आधी पाहावे.

वेगळे अँटिव्हायरस विकत घेणे आवश्यक आहे का?

नियमित अपडेट होणाऱ्या विंडोज १० किंवा ११ वर मायक्रोसॉफ्ट डिफेंडर आधीपासून चालू असतो आणि सर्वसाधारण घरगुती वापरासाठी तो पुरेसा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे. दुसरे अँटिव्हायरस बसवले की डिफेंडर आपोआप बाजूला होतो. मग त्या दुसऱ्याची वर्गणी संपली आणि कोणी लक्ष दिले नाही, तर संगणक आधीपेक्षा कमकुवत अवस्थेत राहू शकतो.

पुण्याच्या क्विक हीलसारखी उत्पादने अनेक घरांत वर्षानुवर्षे वापरली जातात. मुलांच्या वापरावर नियंत्रण किंवा फोनवरून मिळणारी मदत अशा सोयी हव्या असतील, तर ती घेण्यात गैर काही नाही. एका वेळी दोन अँटिव्हायरस मात्र कधीच ठेवू नयेत. संगणकाला लागण झाल्याची शंका असल्यास केंद्र सरकारने २०१७ मध्ये सुरू केलेल्या सायबर स्वच्छता केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य तपासणी साधने मिळतात.

मोफत अँटिव्हायरस निवडताना कंपनीचे उत्पन्न कुठून येते, हाही विचार करावा. अवास्टने ग्राहकांच्या ब्राउझिंगची माहिती विकल्याबद्दल अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने २०२४ मध्ये तिच्यावर १ कोटी ६५ लाख डॉलर भरण्याची पाळी आणली. सुरक्षेसाठी घेतलेले साधनच आपली माहिती बाहेर देत असेल, तर ते न घेतलेले बरे.

सॉफ्टवेअर नेमके कुठून डाउनलोड करावे?

या पानावरील सर्वांत महत्त्वाचे उत्तर हेच आहे. सॉफ्टवेअर त्याच्या निर्मात्याच्या संकेतस्थळावरून किंवा मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्यावे. अन्य कोणाच्या "फ्री डाउनलोड" पानावरून, व्हॉट्सॲपवर आलेल्या फाइलमधून किंवा शेजाऱ्याच्या पेन ड्राइव्हवरून घेऊ नये.

अडचण अशी की शोधयंत्रात नाव टाकल्यावर सर्वांत वर जाहिरात येते आणि लोकप्रिय सॉफ्टवेअरच्या नावाने बनावट पाने उभारून ती अशा जाहिरातींतून पुढे आणण्याचे प्रकार जगभर घडले आहेत. म्हणून जाहिरात अशी नोंद असलेला दुवा टाळावा आणि पत्ता अक्षर न अक्षर वाचावा. चित्रपट-गाणी चालवणाऱ्या व्हीएलसीचे खरे स्थळ व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग आहे, तर झिप फाइली उघडणाऱ्या सेव्हन-झिपच्या खऱ्या पत्त्यात सात आणि झिप यांच्यामध्ये आडवी रेघ असून शेवटी डॉट ऑर्ग आहे. पत्त्याबद्दल खात्री वाटत नसेल, तर त्या सॉफ्टवेअरच्या विकिपीडियावरील लेखात दिलेला अधिकृत दुवा पडताळून पाहावा.

नामांकित डाउनलोड स्थळेही कायम विश्वासार्ह राहतातच असे नाही. सोर्सफोर्ज हे मुक्त (मूळ कोड सर्वांना खुला असलेल्या) सॉफ्टवेअरचे एके काळचे मोठे भांडार होते, पण तेथील डाउनलोडसोबत नको असलेले प्रोग्राम बांधून देण्याची पद्धत सुरू झाली आणि छायाचित्रांवर काम करणाऱ्या गिंपच्या निर्मात्यांनी २०१३ मध्ये ते स्थळ सोडले. पुढे मालकी बदलल्यावर, २०१६ मध्ये, ही पद्धत बंद करण्यात आली. क्वचित अधिकृत स्थळच उपलब्ध नसते. २०२२ मध्ये व्हीएलसी बनवणाऱ्या व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात काही महिने उघडत नव्हते आणि नोव्हेंबरमध्ये ही अडवणूक दूर झाली. अशा वेळी मायक्रोसॉफ्ट स्टोअरचा पर्याय कामी येतो.

एकाच वेळी पाच-सहा नेहमीची सॉफ्टवेअर हवी असतील, तर नाइनाइट हे स्थळ उपयोगी आहे. तेथे हव्या त्या नावांवर खूण केली की एकच फाइल मिळते आणि ती चालवल्यावर सर्व प्रोग्राम मूळ स्रोतांतून, जोडीला येणारी अनावश्यक सॉफ्टवेअर वगळून, इन्स्टॉल होतात.

डाउनलोड केलेली फाइल खरी आहे, हे कसे ओळखावे?

फाइल उघडण्याआधी तिच्यावर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीज निवडावे आणि डिजिटल सिग्नेचर्स नावाचा भाग आहे का ते पाहावे. व्हीएलसीच्या फाइलमध्ये तेथे व्हिडिओलॅनचे नाव दिसले पाहिजे. तेच नाव पुढे परवानगी मागणाऱ्या चौकटीतही दिसते. तेथे "अननोन पब्लिशर" असे लिहिलेले असेल, तर थांबून पुन्हा एकदा पत्ता तपासावा.

स्वाक्षरी नाही म्हणून फाइल बनावटच आहे, असे मात्र नाही. सेव्हन-झिप हा अतिशय विश्वासार्ह प्रोग्राम अनेक वर्षे स्वाक्षरीविनाच वितरित होत आला आहे. उलट, एखादी फाइल व्हीएलसी म्हणवते आणि स्वाक्षरी भलत्याच कंपनीची आहे, असे दिसले तर ती तत्काळ काढून टाकावी.

इन्स्टॉल करताना "नेक्स्ट, नेक्स्ट" करत गेले तर बिघडते काय?

मधल्या एखाद्या पडद्यावर दुसरा ब्राउझर, टूलबार किंवा अँटिव्हायरस बसवण्यास आपली संमती आधीच खूण करून ठेवलेली असते आणि आपण ती न वाचता पुढे गेलेलो असतो. "कस्टम" किंवा "ॲडव्हान्स्ड" असा पर्याय दिसल्यास तो निवडावा व प्रत्येक खूण वाचावी. संगणक सुरू होताच आपोआप चालू होण्याची परवानगीही याच टप्प्यावर मागितली जाते. बहुतेक प्रोग्रामना ती देण्याची गरज नसते.

मराठी टंकलेखनासाठी कोणते सॉफ्टवेअर घ्यावे?

कोणतेही नाही, कारण ते विंडोजमध्येच आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज या भागात जाऊन भाषांच्या यादीत मराठी जोडावी, मग मराठीच्या पर्यायांमध्ये कीबोर्ड निवडावा. तेथे दोन पद्धती आहेत. मराठी फोनेटिकमध्ये इंग्रजी अक्षरांत उच्चार टाइप केला की देवनागरी शब्द सुचवले जातात. ही सोय २०१९ च्या मे महिन्यातील विंडोज १० च्या आवृत्तीपासून आहे. दुसरी पद्धत इन्स्क्रिप्ट ही भारत सरकारने प्रमाणित केलेली कळरचना. तिच्यात स्वर व मात्रा डाव्या हाताकडे आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताकडे आहेत. विंडोजची कळ आणि स्पेस एकत्र दाबून भाषा बदलता येते.

रोज दोन-चार ओळी लिहिणाऱ्याने फोनेटिक वापरावे. ज्याला मराठीत पानेच्या पाने लिहायची आहेत, त्याने इन्स्क्रिप्ट शिकावे, असा माझा आग्रह आहे. सुरुवातीचे काही दिवस वेग मंदावतो, पण पुढे सुचवण्यांच्या यादीकडे पाहत बसावे लागत नाही आणि हवे ते अक्षर नेमके उमटते. "वाऱ्यावर" हा शब्द पाहा. त्यातील ऱ्य साठी इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरप्या रेघेची कळ दाबायची. शिफ्ट न धरता जे दाबले तर "वार्यावर" असा चुकीचा शब्द उमटतो. वृत्तपत्रांतून आणि शासकीय पत्रांतूनही हा "वार्यावर" दिसतो, तेव्हा साधन अपुरे नसून ती एक कळ शिकवली गेलेली नाही, एवढेच त्याचे कारण असते.

गुगल इनपुट टूल्सचा विंडोजसाठीचा स्वतंत्र प्रोग्राम गुगलने केव्हाच बंद केला आहे. त्या नावाने आजही फिरणाऱ्या इन्स्टॉलर फाइली गुगलच्या स्थळावरून आलेल्या नसतात, त्यामुळे त्या वापरू नयेत. ब्राउझरमधील गुगल इनपुट टूल्स मात्र चालू आहे.

जुन्या श्रीलिपी, शिवाजी किंवा कृतिदेवमधील फाइलींचे काय करावे?

या फाँटमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी आकार बसवलेले असतात. म्हणून तो फाँट नसलेल्या संगणकावर मजकूर निरर्थक रोमन अक्षरांसारखा दिसतो आणि त्यात शोधही घेता येत नाही. फाँटनुसार युनिकोडमध्ये, म्हणजे प्रत्येक अक्षराला सर्वत्र एकच संकेत देणाऱ्या पद्धतीत, रूपांतर करणारी साधने उपलब्ध आहेत. रूपांतरानंतर रफार, ऱ्य, जोडाक्षरे आणि अंक बारकाईने तपासावेत, कारण चुका तेथेच राहतात. खरेदीखते, न्यायालयीन कागद किंवा कोणाची खासगी माहिती असलेला मजकूर ऑनलाइन रूपांतरकात चिकटवू नये. इंटरनेटविना चालणारे साधन वापरावे. मूळ फाइल आणि तिचा फाँट दोन्ही जपून ठेवावेत. नवे लेखन मात्र युनिकोडमध्येच करावे. ज्या छापखान्याला अजूनही जुन्या फाँटमधील मजकूर लागतो, त्याच्यासाठी शेवटच्या टप्प्यावर रूपांतर करून देता येते.

मायक्रोसॉफ्ट ऑफिस घ्यावे की लिबरऑफिस?

लॅपटॉपसोबत ऑफिस आले असेल, तर प्रश्नच मिटला. ते आलेले नसेल, तर पैसे खर्च करण्याआधी तशीच कामे करणारे लिबरऑफिस वापरून पाहावे. ओपनऑफिस या त्याच्या पूर्वीच्या सॉफ्टवेअरवर काम करणाऱ्या अनेकांनी वेगळे होऊन २०१० मध्ये द डॉक्युमेंट फाउंडेशन स्थापन केले आणि तेव्हापासून ही संस्था लिबरऑफिस सांभाळते. ते विनामूल्य व मुक्त स्रोत आहे, व्यावसायिक वापरावरही बंधन नाही, आणि त्यातील सूचना मराठीत पाहण्याची सोय आहे. पत्रे, अर्ज, घरखर्च, सोसायटीचा ताळेबंद, शाळेचे प्रकल्प ही सारी कामे त्यात व्यवस्थित होतात.

मराठीत लिहिणाऱ्यांना त्यात एक गोष्ट गोंधळात टाकते. लिबरऑफिस रोमन लिपीसाठी एक फाँट आणि देवनागरीसारख्या लिप्यांसाठी दुसरा फाँट लक्षात ठेवते. त्यामुळे नव्या दस्तऐवजात फाँट किंवा आकार बदलूनही मराठी मजकूर जसाच्या तसा राहिला, अशी तक्रार येते. पर्यायांच्या चौकटीत भाषांच्या भागात कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट चालू करून तेथे मराठी निवडावी आणि शैलीमध्ये देवनागरीसाठीचा फाँट एकदाच ठरवावा. मग हा त्रास होत नाही. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे फाँट विनामूल्य मिळतात आणि छपाईतही स्वच्छ दिसतात. मराठी शुद्धलेखन तपासण्यासाठीचा विस्तार (छोटा जोड-प्रोग्राम) वेगळा जोडता येतो.

लिबरऑफिस कुठे कमी पडते, तेही सांगितले पाहिजे. वर्डमधील गुंतागुंतीची मांडणी, एक्सेलमधील मॅक्रो (ठरावीक कामे आपोआप करणाऱ्या सूचना) आणि पॉवरपॉइंटमधील हालचाली त्यात नेहमी हुबेहूब उतरत नाहीत. कार्यालयातील सहकाऱ्यांशी रोज अशा फाइलींची देवाणघेवाण होत असेल, तर मायक्रोसॉफ्ट ऑफिसच घ्यावे. कोणाला केवळ वाचण्यासाठी पाठवायचे असेल, तेव्हा पीडीएफ करून पाठवावे. त्यात मांडणीही ढळत नाही आणि फाँटही सोबत जातो. एमएस-सीआयटीसारख्या अभ्यासक्रमात मायक्रोसॉफ्टची साधने शिकलेल्या विद्यार्थ्याला लिबरऑफिसमध्ये मेन्यूच्या जागा शोधाव्या लागतील, एवढाच काय तो फरक. शिकलेले वाया जात नाही.

पीडीएफ वाचण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर लागते का?

नुसते वाचायचे असेल, तर ब्राउझर पुरेसा आहे. जुन्या संगणकासाठी सुमात्रा पीडीएफ हा अतिशय हलका वाचक चांगला आहे. डिजिटल स्वाक्षरी पडताळायची असेल, तेव्हा मात्र ॲडोबी ॲक्रोबॅट रीडर लागतो. महाभूमीच्या संकेतस्थळावरून काढलेला डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा किंवा ई-आधार ब्राउझरमध्ये उघडला, तर स्वाक्षरीच्या जागी प्रश्नचिन्ह किंवा "व्हॅलिडिटी अननोन" अशी नोंद दिसते आणि लोक घाबरतात. ॲक्रोबॅट रीडरमध्ये त्या जागेवर उजवी क्लिक करून स्वाक्षरीची पडताळणी करता येते. भारताच्या प्रमाणन नियंत्रकाचे प्रमाणपत्र एकदा विश्वासार्ह म्हणून नोंदवले की तेथे हिरवी खूण येते. ही खूण फाइल उघडल्यावर होणाऱ्या पडताळणीची असते, त्यामुळे कागदावर छापलेल्या हिरव्या खुणेवरून दस्तऐवज खरा मानू नये.

ई-आधारची फाइल उघडण्याचा पासवर्ड म्हणजे आधारवरील नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे मोठ्या लिपीत आणि त्यापुढे जन्मवर्ष.

चित्रपट-गाणी आणि झिप फाइलींसाठी काय ठेवावे?

व्हीएलसी आणि सेव्हन-झिप. पॅरिसमधील विद्यार्थ्यांच्या १९९६ मधील प्रकल्पातून उभा राहिलेला व्हीएलसी जवळजवळ सर्व प्रकारच्या ध्वनी व चित्र फाइली चालवतो, त्यामुळे अशा फाइली चालवण्यासाठीचे वेगळे "कोडेक पॅक" घेऊ नयेत. "ही फाइल पाहण्यासाठी हा प्लेअर डाउनलोड करा" असे कोणतेही पान सांगत असेल, तर ते पान बंद करावे.

दुकानदार फोटोशॉप, ऑफिस सगळे फुकटात टाकून देतो. ते घेण्यास हरकत काय?

हरकत मोठी आहे. क्रॅक बसवताना पहिली सूचना बहुधा "अँटिव्हायरस बंद करा" अशी असते. म्हणजे ज्याला आपण ओळखत नाही, अशाने लिहिलेला प्रोग्राम आपण स्वतःच राखण हटवून पूर्ण अधिकारांनिशी चालवतो. फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणाऱ्या स्टॉप-डिजेव्हीयू या रॅन्समवेअरचा प्रसार मुख्यतः अशाच क्रॅक आणि फुकट चाव्यांमधून झाला. त्यात कंपन्यांचे नुकसान व्हायचे तेवढे झाले, पण घरच्या लोकांचे लग्नाचे आणि बाळाच्या जन्माचे फोटोही गेले, आणि त्यांतील अनेक फाइली कोणत्याही उपायाने परत मिळाल्या नाहीत.

कायद्याची बाजूही आहे. कॉपीराइट अधिनियम, १९५७ मधील कलम ६३ब नुसार संगणक प्रोग्रामची बेकायदा प्रत जाणूनबुजून वापरल्यास सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आर्थिक लाभासाठी वापर नसेल, तर न्यायालय कारावास न देता पन्नास हजारांपर्यंत दंड करू शकते.

फोटोशॉपऐवजी छायाचित्रांसाठी गिंप, हाताने चित्रे काढण्यासाठी क्रिटा आणि पत्रिका किंवा फलकांच्या आरेखनासाठी इंकस्केप वापरता येते. गिंप शिकायला वेळ लागतो, हे खरे आहे. फोटो लहान करणे, कापणे, त्यावर नाव घालणे एवढेच काम असेल, तर इरफानव्ह्यू पुरे. घरगुती वापरासाठी तो मोफत आहे, व्यवसायासाठी परवाना लागतो. ध्वनिमुद्रणासाठी ऑडॅसिटी आणि पडद्याचे चित्रीकरण करणाऱ्या शिक्षकांसाठी ओबीएस स्टुडिओ ही दोन्ही साधने मुक्त स्रोत आहेत.

संगणक मंद झाला आहे. क्लीनर किंवा ड्रायव्हर अपडेटर घ्यावा का?

घेऊ नये. रजिस्ट्री (विंडोजची व प्रोग्रामची सेटिंग्ज साठवणारी नोंदवही) "साफ" करणाऱ्या साधनांचे समर्थन खुद्द मायक्रोसॉफ्ट करत नाही आणि तात्पुरत्या फाइली काढण्याची सोय विंडोजच्या स्टोरेज सेटिंग्जमध्ये आहे. सीसीक्लीनर हा या प्रकारातील सर्वांत प्रसिद्ध प्रोग्राम. २०१७ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्याच्या अधिकृत आवृत्तीतच घुसखोरांनी घातक भाग मिसळला होता आणि ती आवृत्ती वीस लाखांहून अधिक संगणकांवर पोहोचली. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा संगणकाच्या कंपनीच्या पानावरून घ्यावेत.

मंदपणाचे कारण शोधायचे असेल, तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडावा, स्टार्टअपच्या यादीतील अनावश्यक प्रोग्राम बंद करावेत आणि कोणता प्रोग्राम डिस्क किंवा स्मृती सतत शंभर टक्क्यांजवळ ठेवतो ते पाहावे. संगणकात अजूनही फिरती हार्ड डिस्क असेल, तर एसएसडी (फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवण्याइतका फरक कोणतेही सॉफ्टवेअर पाडू शकत नाही.

कोणता ब्राउझर चांगला?

क्रोम, एज आणि फायरफॉक्स तिन्ही सुरक्षित आहेत. मी फायरफॉक्सची शिफारस करतो, कारण जाहिराती व पाळत रोखणारा यूब्लॉक ओरिजिन हा विस्तार त्यात पूर्ण क्षमतेने चालतो. क्रोममध्ये आता त्याची केवळ हलकी आवृत्ती चालते. बनावट "डाउनलोड" बटणे ही मुळात जाहिराती असतात, त्यामुळे वयस्कर मंडळींच्या संगणकावर हा विस्तार असणे खरोखर उपयोगी ठरते. याखेरीज विस्तार कमीत कमी ठेवावेत, कारण त्यांतील बहुतेकांना आपण उघडलेले प्रत्येक पान वाचण्याची परवानगी असते.

पासवर्ड लक्षात राहत नाहीत. त्यासाठी काही सॉफ्टवेअर आहे का?

पासवर्ड साठवणारा बिटवॉर्डन मोबाइल व संगणक दोन्हींवर चालतो आणि त्याची मोफत आवृत्ती पुरेशी आहे. माहिती इंटरनेटवर ठेवायचीच नसेल, तर कीपासएक्ससी घ्यावा. मात्र त्याच्या फाइलची प्रत दुसरीकडे ठेवण्याची जबाबदारी आपली असते. मुख्य पासवर्ड एका कागदावर लिहून घरातील महत्त्वाच्या कागदपत्रांसोबत ठेवण्यात काहीही गैर नाही.

बँकेतून फोन आला आणि एनीडेस्क टाकायला सांगितले. काय करावे?

फोन ठेवावा. एनीडेस्क व टीमव्ह्यूअर ही दुसऱ्याचा संगणक दुरून चालवण्याची चांगली साधने आहेत, परदेशातील मुलगा पुण्यातील आईचा संगणक त्यातून दुरुस्त करू शकतो, पण बँक कधीही ती टाकायला सांगत नाही. एनीडेस्कच्या अशा गैरवापराबद्दल रिझर्व्ह बँकेने २०१९ मध्येच सावध केले होते. प्रोग्राम आधीच टाकला गेला असेल, तर इंटरनेट तोडावे, दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवावे आणि १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. नात्यातील माणसाची मदत झाल्यावरही हे साधन काढून टाकावे.

मोबाइलमधील फोटो संगणकावर घेण्यासाठी काय वापरावे?

साधी यूएसबी केबल सर्वांत भरवशाची. केबलविना हवे असेल, तर लोकलसेंड हा मुक्त स्रोत प्रोग्राम किंवा गुगलचे क्विक शेअर घ्यावे. शेअरइट आणि झेंडर या दोन्हींवर जून २०२० मध्ये केंद्र सरकारने बंदी घातली असल्याने त्यांच्या जुन्या प्रती शोधत बसू नये.

दृष्टिबाधित व्यक्तीसाठी संगणक कसा तयार करावा?

एनव्हीडीए हा पडदा वाचणारा प्रोग्राम इन्स्टॉल करावा. दोन दृष्टिहीन ऑस्ट्रेलियन तरुणांनी २००६ मध्ये त्याची सुरुवात केली, तो पूर्णपणे विनामूल्य आहे आणि त्यासोबत येणारा ईस्पीक एनजी हा आवाज मराठी मजकूरही वाचतो. हा आवाज यांत्रिक वाटतो, परंतु वेग वाढवला तरी शब्द स्पष्ट राहतात, म्हणून सरावलेले वापरकर्ते तोच पसंत करतात. जुन्या फाँटमधील मराठी त्याला वाचता येत नाही. युनिकोडचा आग्रह धरण्याचे हे एक मोठे कारण आहे.

माझ्या संगणकावर विंडोज १० आहे आणि तो विंडोज ११ घेत नाही. तो टाकून द्यावा का?

टाकून देण्याची गरज नाही, पण तसाच वापरत राहणेही योग्य नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. घरगुती वापरकर्त्यांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट घेण्याची सवलत देण्यात आली. विंडोज ११ साठी टीपीएम २.० (संगणकातील सुरक्षेची सोय) आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे अनेक धडधाकट संगणक त्यातून बाहेर राहिले आहेत.

ज्या घरी संगणकाचा वापर ब्राउझर, पत्रे, चित्रपट आणि अभ्यास एवढाच आहे, तेथे विंडोजच्या जागी वापरता येणारी लिनक्स मिंट ही कार्यप्रणाली हा उत्तम पर्याय आहे. रूफस या साधनाने तो पेन ड्राइव्हवर घेऊन, हार्ड डिस्कवर काहीही न बदलता, संगणक त्यावरूनच सुरू करून पाहता येतो. वायफाय, आवाज, छपाई आणि मराठी टंकलेखन नीट चालते का, याची खात्री करूनच पुढे जावे. चार जीबी स्मृतीच्या संगणकासाठी त्याची हलकी, एक्सएफसीई नावाची आवृत्ती निवडावी. फायरफॉक्स आणि लिबरऑफिस त्यात आधीपासून असतात. टॅलीप्राइम, श्रीलिपी किंवा विंडोजवरच चालणारे डिजिटल स्वाक्षरीचे टोकन यांवर ज्यांचा व्यवसाय अवलंबून आहे, त्यांनी मात्र नव्या संगणकाची तरतूद करावी.

बॅकअपसाठी कोणता प्रोग्राम घ्यावा?

विंडोजमधील फाइल हिस्ट्री बाहेरील हार्ड डिस्कवर नियमित प्रती ठेवते; फोल्डर जुळवून घेण्यासाठी फ्रीफाइलसिंक सोपा आहे. डिस्क काम झाल्यावर काढून ठेवावी, कारण जोडून ठेवलेल्या डिस्कवरील फाइलीही रॅन्समवेअर कुलूपबंद करते. नव्या विंडोजमध्ये वनड्राइव्ह बहुधा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपोआप वर पाठवू लागते आणि मोफत मिळणारी पाच जीबी जागा लवकरच भरते. ते बंद करण्याआधी सर्व फाइली संगणकावर उतरल्या आहेत का, हे पाहावे, कारण काही फाइलींचे केवळ नाव संगणकावर असते आणि मजकूर इंटरनेटवर.

इन्स्टॉल केलेल्या प्रोग्रामचा आढावा किती दिवसांनी घ्यावा?

तीन-चार महिन्यांतून एकदा ॲप्सची यादी उघडून ज्याचा उपयोग आठवत नाही त्याचे नाव शोधून पाहावे आणि नको ते काढावे. ब्राउझर स्वतःच अपडेट होतात. व्हीएलसी व लिबरऑफिस नव्या आवृत्तीची सूचना देतात, तर सेव्हन-झिपमध्ये ती सोय नाही, त्यामुळे त्याची नवी आवृत्ती आपणच त्याच्या स्थळावर जाऊन पाहावी लागते. नाइनाइटची जुनी फाइल पुन्हा चालवली, तरी तिच्यातील सर्व प्रोग्राम अद्ययावत होतात. ज्याचा निर्माताच आधार थांबवतो, तो प्रोग्राम चालत असला तरी काढावा. ॲडोबी फ्लॅश प्लेअरचा आधार ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला, आणि तो अजूनही यादीत दिसत असेल तर सुरुवात त्याच्यापासून करावी.